रिकामा रकाना

यंत्र म्हणतं, चौऱ्याऐंशी.
बोटाला चिमटा लावलेला एदिल्बेर्तो
लाल दिव्याकडे बघून हसतो,
मग खोकतो.

भिंतीवरचा तक्ता म्हणतो,
नव्वदच्या खाली गेलं की इस्पितळात पाठवा.
तक्ता शहाणा आहे. हजारो मुलं मोजून लिहिलाय.
फक्त ती मुलं समुद्राकाठची होती,
आणि आम्ही पोतोसीच्या वर, चार हजार मीटरांवर,
जिथं पाणी लवकर उकळतं
आणि बटाटा तरी कच्चाच राहतो.

मी माझं बोट चिमट्यात घालते : अठ्ठ्याऐंशी.
ड्रायव्हर दोनातोचं घालते : सत्त्याऐंशी.
तक्त्याचं ऐकायचं तर अख्खं गाव
मेयरसकट अँब्युलन्समध्ये कोंबावं लागेल
आणि चालवायला कुणी उरायचं नाही.

बासिलिया हसत नाही.
पाठीवरच्या कापडाची गाठ तिनं अजून सोडलेली नाही.
"डॉक्टर, हे इथलं आहे की आजार आहे?"

पंधरा वर्षं मी ह्याच प्रश्नाचा पगार घेते.

माझा कान म्हणतो, इथलं आहे.
पण माझ्या कानाला मी ओळखून आहे.
ताकिचिरींची धाकटी, निएवेस,
ह्याच बाकावर, एक्याऐंशी.
"इथलंच आहे," मी म्हणाले. घरी पाठवलं.
तिसऱ्या दिवशी तिचा बाप
घोंगडी परत करायला आला,
धुतलेली, घडी घातलेली.
दवाखान्याची होती ना, म्हणाला.

बरे झालेले परत येतात.
कोंबडी आणतात, सुकवलेले बटाटे आणतात,
दारात उभे राहून माझी खात्री वाढवून जातात.
न आलेले येत नाहीत.
माझा अनुभव म्हणजे आलेल्यांची यादी.
आणि ज्या कागदांची मी जेवताना टिंगल करते
त्यांनी कुठल्यातरी उन्हात, अनोळखी गावात,
न आलेल्यांची दारं जाऊन वाजवलेली असतात.

मी घड्याळ काढते.
पूर्ण एक मिनिट मोजते, अर्धं मोजून दुप्पट नाही.
हे मला कागदानंच शिकवलं.
बावन्न. म्हणजे औषध हवंच,
त्यावर डोंगराचंही दुमत नाही.
सदरा वर करते. बरगड्यांखाली खळगा पडत नाही.
ओठ किंचित जांभळे; बासिलियाचेही तसेच.
छातीला लावल्यावर तो चोखतो, थांबतो,
दम घेतो, पुन्हा चोखतो, रागानं.
हा राग तक्त्यात कुठे लिहू?

इस्पितळ सहा तासांवर,
आणि वाटेत खिंड, आणखी सहाशे मीटर वर.
हवेसाठी पाठवायचं
ते आणखी कमी हवेतून.

"मला नक्की माहीत नाही," मी बासिलियाला सांगते.
"म्हणून दर तासाला मोजू.
आकडा ऐंशीखाली गेला, किंवा ह्यानं दूध सोडलं,
तर दोनातो निघेल, ऑक्सिजन घेऊन."
"आणि तोवर?"
"तोवर मी जागी आहे."
ती बराच वेळ माझ्याकडे बघते,
मग गाठ सोडते.

अकरा वाजता बावन्न.
बाराला चोपन्न. इथं मी बूट चढवले.
एकला पन्नास.
तीनला माझा डोळा लागला होता,
बासिलियानं मोजलं, तिच्या भाषेत :
तावा चुंका सुख्तायुख.
मी सेहेचाळीस लिहिलं.

सकाळी गारा. दोनातो चहा करतो.
मी वहीत ओळी आखते :
उंची, वय, यंत्राचा आकडा, काय केलं.
शेवटचा रकाना, पुढे काय झालं,
कोरा.
गुरुवारी दाखवायला आण, मी म्हणते.
बासिलिया मान हलवते,
म्हणजे हो असेल, किंवा बघू असेल.

नाही आली तर मीच चढून जाईन.
दोनातोनं घर विचारून ठेवलंय :
चर्चच्या वर, पिवळं दार,
कुत्रा बांधलेला नसतो.